रे. विल्यम निब आणि गुलामगिरीची मूठमाती

वेस्ट इंडीज बेटांपैकी जमैका ह्या बेटात दरवर्षी जुलै महिन्याच्या अखेरच्या रात्री अनेक मंडळ्यांचे लोक आपापल्या मंदिरांत जमतात, गीते गातात, प्रार्थना करतात, आणि मध्यरात्रीपर्यंत जागत बसतात. दुसरा दिवस, म्हणजे १ ऑगस्ट, हा तेथे मुक्तिदिन होय. बेट काही फार मोठे नव्हे. आपले रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे दोन जिल्हे एकत्र केले तर त्यांहूनही ते काहीसे लहानच भरेल. तथापि एके काळी ह्या बेटातील साखरेवर इंग्लंडातील कित्येक घराणी गब्बर झाली. आणि ती साखर ज्यांच्या घामातून निघत असे ते आफ्रिकेतून धरून आणलेले लोक व त्यांची मुलेबाळे मालकाच्या दप्तरी गुराढोरांच्या यादीत मोजली जात. ह्या जागरणाची मुळे ज्या रात्रींत आहेत, त्यांतील सर्वांत प्रसिद्ध रात्र सन १८३८ ची. त्या रात्री फालमथ ह्या बंदराच्या गावी व्यासपीठावर जे पाळक उभे होते, त्या रे. विल्यम निब ह्यांचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवीत आहो.

निबसाहेबांचा जन्म ता. ७ सप्टेंबर १८०३ रोजी इंग्लंडात केटरिंग ह्या गावी झाला. ह्या गावाचे आपणा मराठी लोकांशी एक दूरचे नाते आहे. सन १७९२ मध्ये ह्याच गावी एका विधवेच्या घरी मूठभर पाळक जमले व त्यांनी बाप्टिस्ट मिशनरी सोसायटी स्थापन केली. तिच्या वतीने विल्यम केरी हे बंगाल्यात आले, आणि पुढे श्रीरामपूर येथून त्यांनी सन १८०५ मध्ये मराठी भाषेचे व्याकरण व सन १८११ मध्ये मराठी नवा करार छापून काढला. त्याच सोसायटीने पुढे निबसाहेबांस पश्चिमेकडे धाडिले.

घरची स्थिती साधारण होती. मुलगा हाताला येताच त्याला एका छापखान्यात उमेदवार म्हणून ठेवण्यात आले. छापखान्याचे मालक सोसायटीच्या पहिल्या चिटणिसांचे पुत्र होते. ते पुढे ब्रिस्टल शहरी गेले तेव्हा विल्यमही त्यांच्याबरोबर गेला, व तेथेच सन १८२२ मध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला. विल्यमचा वडील भाऊ टॉमस हा जमैकात किंग्स्टन शहरी मिशनच्या शाळेचा शिक्षक होऊन गेला होता. त्या बेटाची हवा परक्यास फार वाईट. सन १८२४ मध्ये टॉमस वारल्याची बातमी आली, आणि धाकट्या भावाने त्या रिकाम्या जागी आपले नाव दिले. त्याच वर्षी ऑक्टोबरात मेरी वॉटकिन्स ह्या बाईंशी त्यांचा विवाह झाला व नोव्हेंबरात नवरा-बायको जहाजात बसली. सन १८२५ च्या फेब्रुवारीत ती किंग्स्टनला उतरली, तेव्हा निबसाहेबांस बाविसावे वर्ष चालू होते.

गुलामांची ने-आण व खरेदीविक्री इंग्लंडच्या पार्लमेंटाने सन १८०७ मध्येच बंद केली होती. परंतु त्याने जहाजांचा धंदा बंद झाला. मळ्यावर जो गुलाम होता तो गुलामच राहिला, आणि त्याच्या बायकोला झालेले मूलही जन्मतःच गुलाम ठरे. निबसाहेब गेले तेव्हा जमैकात असे तीन लाखांवर लोक होते. उसाची लागवड करताना स्त्रीपुरुषांची रांग कुदळींनी खळगे खणीत असे व मागे मुकादम आसूड घेऊन उभा असे. गळिताच्या दिवसांत चरक व कढया रात्रंदिवस चालत. पोटाला लागणारे कंदमूळ लोकांनी स्वतःच डोंगराकडच्या जमिनीच्या तुकड्यांवर पिकवावे, आणि त्यासाठी त्यांना बहुधा रविवार व एखादा जादा दिवस मिळावा, अशी चाल होती. म्हणजे आपली शेती, आपला बाजार, आणि देवाची उपासना ही तिन्ही एकाच दिवसात उरकावी लागत. तरीही कित्येक लोक मैलोगणती चालून मंदिरात येत.

येथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण पुष्कळ चरित्रांत ती वगळली जाते. जमैकातील बाप्टिस्ट मंडळी गोऱ्या मिशनऱ्यांनी सुरू केली नाही. जॉर्ज लाईल हे अमेरिकेतील एक कृष्णवर्णी गृहस्थ, पूर्वी स्वतः गुलाम असलेले, सन १७८३ मध्ये जमैकात आले व त्यांनी किंग्स्टनमध्ये उपदेशास आरंभ केला. इंग्लंडातून पहिला मिशनरी आला तो सन १८१४ मध्ये, आणि तोही तेथल्या लोकांनी बोलावल्यावरून. निबसाहेब पोहोचले तेव्हा शेत नांगरलेले होते.

सोसायटीने आपल्या सर्व मिशनऱ्यांस अशी ताकीद देऊन ठेविली होती की, राजकीय व दिवाणी बाबतींत त्यांनी तोंड घालू नये. निबसाहेबांनी काही वर्षे ही आज्ञा पाळली. त्यांनी शाळा चालविली, पुढे उपदेशकाचे काम पत्करले, सव्हाना-ला-मार व नंतर फालमथ येथील मंडळ्या सांभाळल्या. परंतु ज्याच्या पाठीवर काल वळ उठले तो आज समोर बाकावर येऊन बसतो, त्याला उपदेश करणारा मनुष्य फार दिवस डोळे मिटून राहू शकत नाही.

सन १८३० मध्ये तसेच घडले. सव्हाना-ला-मार येथील मंडळीत सॅम स्वायनी नावाचे एक गुलाम डीकन होते. ईस्टरच्या दिवसांत निबसाहेब आजारी असल्यामुळे तेथे नव्हते, म्हणून काही भाऊबहिणी जमून प्रार्थना करू लागली, व तीत स्वायनी ह्यांनीही प्रार्थना केली. न्यायाधीशांनी असे ठरविले की, प्रार्थना म्हणजे उपदेशच, आणि परवान्यावाचून उपदेश हा गुन्हा. शिक्षा वीस फटके व दोन आठवडे सक्तमजुरी. स्वायनी ह्यांस फटके मारून, दुसऱ्या कैद्याशी साखळीने जखडून, भर रस्त्याने नेण्यात आले. तेव्हा निबसाहेब त्यांच्या शेजारून सर्वांच्या देखत चालत गेले, आणि मग घडलेली सर्व हकीकत त्यांनी वर्तमानपत्रात छापविली. तक्रार लंडनपर्यंत गेली व ज्या दोन न्यायाधीशांनी ही शिक्षा दिली होती त्यांस कामावरून दूर व्हावे लागले. छापखान्यातील उमेदवारी वाया गेली नव्हती. त्या दिवसापासून मळेवाल्यांच्या मनात निबसाहेबांचे नाव पक्के नोंदले गेले.

सन १८३१ च्या नाताळात बेट पेटले. इंग्लंडच्या राजाने मुक्तीचा हुकूम केव्हाच पाठविला असून मालकांनी तो दडपून ठेवला आहे, अशी वार्ता घरोघर पसरली होती. माँटेगो बे येथील मंडळीत सॅम्युएल शार्प नावाचे एक गुलाम डीकन होते. त्यांस लिहितावाचता येत असे. वर्तमानपत्रांवरून इंग्लंडातील वादाची त्यांना चांगली माहिती होती. नाताळची सुटी संपताच कोणीही कामावर जाऊ नये, मजुरी देण्याचे कबूल होईपर्यंत सर्वांनी स्वस्थ बसावे, असा त्यांचा बेत होता, आणि तशा शपथा बायबलावर हात ठेवून घेतल्या गेल्या होत्या. शार्प ह्यांच्या मनात रक्तपात नव्हता. परंतु ता. २७ डिसेंबरच्या रात्री एका मळ्यावर आग लागली आणि मग डोंगरामागून डोंगर उजळत गेले.

त्याच दिवशी एका नव्या मंदिराच्या अर्पणविधीस निबसाहेब गेले होते. तेथे जमलेल्या लोकांस त्यांनी कळवळून सांगितले की, मुक्तीचा हुकूम आलेला नाही, ही वार्ता खोटी आहे, कामावर परत जा. लोकांस ते आवडले नाही. आपले पाळकही मालकांना फितूर झाले, असे काहींनी म्हटले. इकडे मळेवाल्यांना मात्र खात्री होती की, सर्व आग मिशनऱ्यांनीच लावली. दोन्हीकडून असा दोष घेणे ज्याच्या वाट्यास आले असेल त्यालाच त्या आठवड्यातील निबसाहेबांचे मन कळेल.

बंड थोड्याच आठवड्यांत मोडले. चौदाएक गोरे माणसे मेली. उलटपक्षी लढाईत दोनशेवर गुलाम मारले गेले, आणि नंतर तीनशेहून अधिक लोकांस घाईघाईचे न्याय करून फाशी देण्यात आले किंवा गोळ्या घालण्यात आल्या. शार्प ह्यांस ता. २३ मे १८३२ रोजी माँटेगो बे येथील बाजारपेठेत फाशी झाली. निबसाहेबांस जानेवारीच्या आरंभीच पकडून पहाऱ्यात माँटेगो बे येथे नेले होते. पुढे खटल्याच्या वेळी त्यांच्या बाजूने साक्ष देण्यास शेकडो लोक येऊन उभे राहिले, आणि सरकारने खटला काढून घेतला. परंतु तोपर्यंत फेब्रुवारीत फालमथचे मंदिर शिबंदीच्या लोकांनी जमीनदोस्त केले होते, दुसऱ्याच दिवशी माँटेगो बे येथील पाडले गेले, आणि बेटभर एकामागून एक बाप्टिस्ट व मेथडिस्ट मंदिरे पडली.

त्याच वर्षी एप्रिलात निबसाहेब इंग्लंडास निघाले. जूनमध्ये लंडन येथे सोसायटीची मोठी सभा होती. सोसायटीच्या चिटणिसांस भय वाटत होते. वाद वाढेल, वर्गण्या बुडतील, सरकार रागावेल. निबसाहेब बोलू लागले व गुलामगिरीचे नाव काढताच मागून त्यांचा कोट ओढण्यात आला. ते थांबले नाहीत. सोसायटीने हात आखडला तर मी बायकोमुलांस घेऊन अनवाणी गावोगाव हिंडेन, पण जमैकातील बंधूंचे हाल इंग्लंडातील ख्रिस्ती लोकांस कळविल्यावाचून राहणार नाही, अशा अर्थाचे त्यांचे बोलणे होते. आमच्या मते त्यांच्या सर्व आयुष्यातील धैर्याचा प्रसंग हाच. शत्रूपुढे उभे राहणे कठीण खरे, पण ज्यांनी आपल्याला पाठविले व ज्यांच्या हाताने घरात भाकर येते त्यांच्यापुढे उभे राहणे त्याहूनही कठीण आहे. ह्यानंतर सोसायटीने आपली भूमिका बदलली. निबसाहेबांनी इंग्लंड व स्कॉटलंड पालथे घातले, आणि पार्लमेंटाच्या दोन्ही सभागृहांनी नेमलेल्या समित्यांपुढे साक्ष दिली.

सन १८३३ च्या ऑगस्टात कायदा झाला. ता. १ ऑगस्ट १८३४ पासून इंग्रजी वसाहतींतील सुमारे आठ लाख गुलाम कायद्याने गुलाम राहिले नाहीत. परंतु त्या कायद्यात दोन गोष्टी अशा होत्या की, त्या ऐकून वाचकांस आश्चर्य वाटेल. मालकांचे नुकसान भरून देण्यासाठी दोन कोटी पौंड मंजूर झाले. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या फुकट राबून ते धन निर्माण केले त्यांस एक पैही नाही. दुसरी गोष्ट अशी की, सहा वर्षांखालील मुले तेवढी लगेच मोकळी. बाकीच्यांनी आणखी काही वर्षे, शेतावरच्यांनी सहा व इतरांनी चार, पूर्वीच्याच मालकाकडे आठवड्याचे चाळीस-एक तास बिनमजुरीने राबावे. ह्याला नाव दिले उमेदवारी! निबसाहेबांनीही उमेदवारी केली होती, पण तिच्या शेवटी त्यांच्या हाती एक धंदा आला. पिढीजात ऊस लावणाऱ्याने सहा वर्षांत आणखी काय शिकावे, हे कायदा करणारांसच ठाऊक. अँटिगा बेटाने ही पद्धत नाकारून आपल्या लोकांस एकदम मोकळे केले, हे त्या बेटास भूषणावह आहे. कंपनी सरकारच्या ताब्यातील हिंदुस्थान तर ह्या कायद्यातून मुळीच वगळले होते. गुलाम म्हणून कोणी कोणावर हक्क सांगितल्यास न्यायालयांनी तो मानू नये असा कायदा आपल्याकडे झाला तो सन १८४३ मध्ये.

सन १८३४ च्या अखेरीस निबसाहेब परत आले. लोकांचे आसूड थांबले नव्हते. पूर्वी मालक मारी, आता न्यायाधीशाच्या हुकमाने तुरुंगात मार बसे. फालमथ येथे पडलेल्या मंदिराच्या जागी काही सरकारी मदतीने व पुष्कळशा वर्गणीने नवे मोठे मंदिर उभे राहिले. सन १८३७ मध्ये निबसाहेबांचा बारा वर्षांचा मुलगा विल्यम तापाने वारला. त्याच सुमारास इंग्लंडातून जोसेफ स्टर्ज नावाचे सद्गृहस्थ स्वतः बेटे हिंडून गेले व त्यांनी उमेदवारीतील हाल छापून प्रसिद्ध केले. इंग्लंडात पुन्हा गवगवा झाला, आणि अखेरीस जमैकाच्या कायदेमंडळाने ता. १ ऑगस्ट १८३८ हा सर्वांच्या पूर्ण मुक्तीचा दिवस ठरविला.

त्या रात्रीविषयी बेटातील गोऱ्या लोकांत मोठी धास्ती होती. मोकळे झालेले लोक दारू पितील, घरे जाळतील, जुने उट्टे काढतील, असे भाकीत पुष्कळांनी केले होते. फालमथ येथे ता. ३१ जुलैच्या संध्याकाळपासून लोकांची रीघ लागली. मंदिर भरले, अंगण भरले, रस्ता भरला. गीते व प्रार्थना होत होत्या. रात्र चढू लागली तशी निबसाहेबांनी घड्याळाकडे बोट केले. मरणाच्या दारी असलेल्या एखाद्या क्रूर श्वापदाच्या शेवटच्या घटका मोजाव्यात तशा ते गुलामगिरीच्या घटका मोजू लागले. बाराचे ठोके पडू लागताच क्षणभर कोणी श्वासही घेतला नसेल. शेवटचा ठोका पडला, आणि गुलामगिरी मेली असे त्यांनी पुकारताच जो जयघोष उठला तसा आपण जन्मात ऐकला नाही, असे ते पुढे सांगत.

पहाट झाली तेव्हा लोक अंत्यविधीसाठी जमले. चांगल्या महागनी लाकडाची, घासून चकचकीत केलेली एक शवपेटी तयार होती. तीत एक आसूड, एक साखळी, व गुलामांच्या गळ्यात घालीत ते लोखंडी कडे ठेवण्यात आले. पेटीवर मृताचे नाव व वय घातले होते. नाव वसाहतींतील गुलामगिरी, वय दोनशे शहात्तर वर्षे. सन १५६२ मध्ये पहिला इंग्रज व्यापारी आफ्रिकेतून माणसे धरून नेऊ लागला, तेव्हापासूनचा हा हिशेब. शाळेच्या आवारात खड्डा खणला होता. गीत गात पेटी खाली सोडली, वर माती लोटली, आणि त्या जागी मुक्तीचे झाड लावले. ज्या साखळीला आजवर आपण भ्यालो तिला आपल्याच हाताने मूठमाती देताना त्या लोकांच्या मनात काय आले असेल, ह्याची कल्पना आपल्यापैकी काहींस येईल.

आणि रक्तपात? एकही घर जळले नाही. लोक मंदिरात गेले, आभार मानले, आणि घरी जाऊन कुटुंबासह जेवले.

सणाचा दिवस सरल्यावर खरी अडचण पुढे आली. झोपडी मालकाच्या जमिनीवर, भाजीपाल्याचा तुकडाही मालकाचा. मजुरी ठरविताना लोक ताठ उभे राहू लागले तेव्हा मळेवाल्यांनी झोपडीचे भाडे मागावयास आरंभ केला, आणि तेही घरातील प्रत्येक माणशी वेगळे. कामास नकार देईल त्याला बाहेर काढावे. म्हणजे हात मोकळे झाले तरी पायाखालची जमीन दुसऱ्याचीच. निबसाहेबांनी ह्यावर उपाय केला तो असा: विकावयास निघालेले मोठे मळे कर्ज काढून विकत घ्यावे, त्यांचे लहान लहान तुकडे पाडावे, आणि ते लोकांस त्याच भावाने विकावे. रे. फिलिपो ह्यांनी स्लिगोव्हिल येथे हा मार्ग आधीच घालून दिला होता. निबसाहेबांच्या भागात अशी अनेक स्वतंत्र गावे वसली. एकाचे नाव त्यांनी आपल्या जन्मगावावरून केटरिंग ठेविले. ज्या मनुष्याची स्वतःची जमीन आहे त्याला मजुरी पटली नाही तर नाही म्हणता येते, एवढा साधा हिशेब ह्या गावांच्या मुळाशी होता. जमैकात आजही ह्या गावांची वस्ती आहे.

पुढील वर्षांची कामे थोडक्यात सांगतो. सन १८३९ मध्ये त्यांनी फालमथहून वर्तमानपत्र काढिले. सन १८४० मध्ये लंडनच्या जागतिक गुलामगिरीविरोधी परिषदेस ते गेले, तेव्हा पूर्वी गुलाम असलेले दोन डीकन, हेन्री बेकफर्ड व एडवर्ड बॅरेट, त्यांच्याबरोबर होते. लंडनच्या लोकांनी साक्ष ऐकावी ती ज्यांनी भोगले त्यांच्याच तोंडून. सन १८४२ मध्ये जमैकातील मंडळ्यांनी सोसायटीची मदत न घेता आपला खर्च आपणच चालविण्याचे ठरविले. मोकळे होऊन चारच वर्षे झालेल्या, मजुरीवर जगणाऱ्या लोकांनी हे ठरविले! सन १८४३ मध्ये तेथील तरुणांस पाळक होण्यासाठी तयार करणारे कॅलाबार कॉलेज निघाले.

सन १८४५ च्या मे महिन्यात जमैकाच्या किनाऱ्यास एक जहाज लागले. त्यात अडीचशेवर हिंदी मजूर होते, बहुतेक उत्तर हिंदुस्थानातले, ठराविक वर्षांच्या करारावर उसाच्या मळ्यांत राबण्यासाठी आणलेले. मोकळे झालेले लोक मागतील ती मजुरी देण्यापेक्षा दुसऱ्या गरिबांस समुद्रापलीकडून आणणे मळेवाल्यांस सोयीचे वाटले. त्या मजुरांचे वंशज आज जमैकाचेच नागरिक आहेत.

त्याच वर्षी नोव्हेंबरात निबसाहेबांस पिवळ्या तापाने गाठले, आणि ता. १५ रोजी केटरिंग गावी, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, ते प्रभूमध्ये झोपी गेले. फालमथ येथे प्रेतयात्रेस सुमारे आठ हजार लोक होते, आणि त्यांतील बहुतेकांनी सात वर्षांपूर्वी तेथेच दुसऱ्या एका पेटीस मूठमाती दिली होती.

ऑगस्टाच्या पहिल्या तारखेचा सण मात्र पुढे काही काळ मागे पडला. सन १९६२ मध्ये जमैका स्वतंत्र झाले तेव्हा सार्वजनिक सुटी स्वातंत्र्यदिनास देण्यात आली व मुक्तिदिनाची बंद झाली. मंडळ्यांतून आठवण राहिली, पण दप्तरांतून गेली. ती सुटी पुन्हा चालू झाली सन १९९७ मध्ये. दरम्यान सन १९७५ मध्ये सॅम्युएल शार्प ह्यांस राष्ट्रवीर म्हणून गौरविण्यात आले. ज्या माँटेगो बे गावी त्यांस फाशी दिले तेथील चौकास आज त्यांचे नाव आहे. सन १९८८ मध्ये, पूर्ण मुक्तीस दीडशे वर्षे झाली तेव्हा, निबसाहेबांस जमैका सरकारने मरणोत्तर मोठा सन्मान दिला. क्रम योग्यच झाला, असे आम्हांस वाटते. आधी शार्प, मग निब.

फालमथच्या मंदिरास आता निबसाहेबांचेच नाव आहे. तेथे संगमरवराची एक जुनी शिला असून तीवर त्या पहाटेचा देखावा कोरलेला आहे: मोकळे झालेले लोक उभे आहेत, आणि साखळी व आसूड मातीखाली जात आहेत.